बादलीतले पैसे

बँकेत रोखपालाला सगळ्यात नकोसा ग्राहक कोण, तर चिल्लर घेऊन येणारा. नोटांचं बंडल मशीनला लावलं की फरफर मोजून होतं. नाणी मात्र टेबलावर ओतायची, रुपया-दोन-पाच वेगळे करायचे, ढिगाऱ्या लावायच्या, आणि शेवटी एखादं कमी भरलं की परत पहिल्यापासून. मी सांगलीकडचा, सरकारी बँकेतला अधिकारी. बढतीबरोबर बदली आली आणि केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत जाऊन पडलो. तिथे एका सोमवारी शेजारच्या सहकारी बँकेचा शिपाई रिक्षातून गोणपाटाच्या पिशव्या घेऊन उतरला आणि आमचे हेड कॅशिअर खुर्चीतूनच म्हणाले, ‘सार, काल बादली फिरली.’

बादली म्हणजे खरोखरच प्लास्टिकची बादली. दोन्ही बाजूंना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा कागद चिकटवलेला, विळा-हातोडा आणि तारा. रविवारी बाजारात, बस स्टँडवर, मासळीच्या ओट्यांपाशी चार-पाच जणांची टोळी ती घेऊन फिरते आणि लोक चालता चालता त्यात पैसे टाकतात. पावती नाही, नाव नाही, रकमेचा आग्रह नाही. त्या दिवशी टेबलावर जे ओतलं गेलं त्यात चौघडी घातलेल्या दहाच्या नोटा होत्या, पावसाने चिकटलेल्या, काहींना माशाचा वास. बसची दोन तिकिटं होती, शर्टाचं एक बटण होतं. बटण कुणी मुद्दाम टाकलं की अंधारात नाणं समजून, यावर कॅशिअर आणि शिपाई यांच्यात थोडी चर्चा झाली. दोघेही पक्षाचेच, त्यामुळे निष्कर्ष निघाला नाही.

कुणाच्या खात्यात किती होते हे मी सांगणार नाही. निवृत्त झालो तरी ती शपथ सुटत नाही. पुढे जे आकडे देतो आहे ते सगळे कधी ना कधी छापून आलेले आहेत. पण त्या टेबलापाशी उभा असताना एक प्रश्न डोक्यात शिरला तो आजवर निघालेला नाही. सत्ता असलेला पक्ष, ज्याच्या हातात राज्याची तिजोरी आहे, ज्याचे मंत्री कंत्राटं देतात, तो बस स्टँडवर बादली का फिरवतो? आणि त्या बादलीचा हिशोब कोण कुणाला देतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅशिअर चेट्टांनी तिथल्या तिथे दिलं होतं. माझ्याहून वयाने मोठे, म्हणून मी त्यांना चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचो. ते मात्र मला शेवटपर्यंत सारच म्हणाले. ‘पैशासाठी नाही फिरवत, सार. माणसं मोजायला फिरवतात.’ कुठल्या गल्लीत बादली जड झाली, कुठे लोकांनी मान फिरवली, हे पक्षाच्या शाखेच्या सेक्रेटरीला संध्याकाळपर्यंत कळतं. मतदानाच्या आधी एवढा स्वस्त अंदाज दुसरा मिळत नाही. आणि ज्याने पाच रुपये टाकले तो स्वतःला थोडासा मालक समजायला लागतो, हा वरचा फायदा. आपल्याकडे गणपतीची वर्गणी दिलेला माणूस मंडपाच्या रोषणाईवर हक्काने टीका करतो, तसंच हे.

पैशासाठी नाही हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी), म्हणजे आपल्या तोंडी ‘माकप’, याची घटना या बाबतीत कडक आहे. सभासद शुल्क वर्षाला काही रुपयेच, नावापुरतं. खरी गोष्ट म्हणजे लेव्ही. प्रत्येक सभासदाने उत्पन्नाच्या प्रमाणात दरमहा पक्षाला पैसे द्यायचे आणि तीन महिने थकले तर नाव कमी. आमदार-खासदारांचं मानधन आणि भत्ते पक्षाचे मानले जातात. त्यातलं त्यांना किती ठेवू द्यायचं ते पक्षाची समिती ठरवते. त्रिपुराचे माणिक सरकार वीस वर्षं मुख्यमंत्री होते. २०१८ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रतिज्ञापत्रात हातातली रोकड १,५२० रुपये आणि बँकेत २,४१० रुपये निघाले. महिन्याचा २६ हजारांचा पगार ते पक्षाला देत आणि पक्ष त्यांना खर्चाला ९,७०० देई. आमच्या शाखेतल्या शिपायाचं बचत खातं यापेक्षा बरं होतं. आपल्याकडे डहाणूचे विनोद निकोले २०१९ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा त्यांची एकूण मालमत्ता पन्नास हजारांच्या घरात होती. तेही याच पठडीतले, पूर्णवेळ कार्यकर्ते.

देशभरात या पक्षाचे दहा लाखांच्या आसपास सभासद आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या केरळात. म्हणजे पक्षाचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी गल्ला तिरुवनंतपुरमला आहे. बंगालात १९७७ ते २०११ अशी सलग चौतीस वर्षं सत्ता होती. ती गेल्यावर सभासद गळाले आणि काही ठिकाणी पक्षाची कार्यालयं भाड्याने देण्याची पाळी आली. त्रिपुरा २०१८ ला गेलं. उरलं केरळ. तिथे २०२१ मध्ये डावी आघाडी सलग दुसऱ्यांदा निवडून आली, त्या राज्यात चार दशकांत कुणाला न जमलेली गोष्ट.

आता ताळेबंदाकडे येतो, कारण माझं पोट त्यावरच भरलं. २०२३-२४ या वर्षात माकपने निवडणूक आयोगाला दाखवलेलं देशभराचं उत्पन्न सुमारे १६७ कोटी रुपये. त्याच वर्षी भाजपचं ४,३४० कोटी, काँग्रेसचं १,२२५ कोटी. कुठे इंद्राचा ऐरावत म्हणून सोडून द्यावं असा फरक. पण त्यातली बारीक गोष्ट बघा. वीस हजारांच्या वरच्या देणग्यांची यादी नावानिशी द्यावी लागते. माकपच्या त्या यादीची बेरीज साडेसात कोटींच्या जरा वर. मग बाकीचे? काही लेव्ही, काही व्याज, काही मालमत्तेचं उत्पन्न, आणि एक भलामोठा भाग म्हणजे लहान लहान रकमा, ज्यांच्यापुढे कुणाचंही नाव नाही. पक्षाच्या भाषणात हा भाग ‘जनतेचा पैसा’ असतो. निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या संस्थांच्या अहवालात तोच भाग ‘अज्ञात स्रोत’ या रकान्यात जातो. दोघंही खोटं बोलत नाहीत. आमच्या टेबलावर ओतलेल्या त्या ओल्या नोटा दोन्ही रकान्यांत बसल्या असत्या.

नाव नसलेल्या पैशाचा अभिमान या पक्षाला जुन्या काळापासून आहे, १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटून माकप वेगळा झाला त्याच्याही आधीपासून. ‘देशाभिमानी’ हे त्यांचं वर्तमानपत्र १९४२ मध्ये कोळिकोडला साप्ताहिक म्हणून सुरू झालं आणि १९४६ मध्ये दैनिक झालं. त्यासाठी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी वडिलोपार्जित वाट्याची जमीन विकून पैसे दिले. जमीनदार घरातला नंबुद्री ब्राह्मण, त्याने पदरमोड केली, हे मोठंच. पण उत्तर केरळात लोक दुसरीच गोष्ट जास्त जिव्हाळ्याने सांगतात. पालोरा माता नावाची एक गरीब बाई होती, तिच्यापाशी द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिने दारातलं वासरू आणून दिलं. आमच्या शाखेत कर्जाची फाइल घेऊन येणारा माणूससुद्धा संधी मिळाली की ही गोष्ट ऐकवायचा. वासराचं पुढे काय झालं, किती रुपयांना विकलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. मी विचारलं की लोक माझ्याकडे बघत. देव्हाऱ्यातल्या मूर्तीची किंमत विचारल्यासारखं.

५ एप्रिल १९५७ ला नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले आणि गाय-वासराच्या काळातला पक्ष सरकारी तिजोरीपाशी येऊन उभा राहिला. वर्ष सरतं न सरतं तोच तांदळाचं प्रकरण उपटलं. केरळात तांदळाची टंचाई, सरकारने घाईने आंध्रातून तांदूळ घेतला, तोही निविदा न मागवता, मद्रासच्या एका व्यापाऱ्यामार्फत. विधानसभेत रान उठलं. न्यायमूर्ती पी. टी. रामन नायर यांचा चौकशी आयोग बसला आणि सरकारचं टाळता येण्याजोगं नुकसान झालं असं त्याने म्हटलं. नुकसान फार मोठं नव्हतं, पण बादलीवाल्या पक्षाला पहिला डाग लागला. ३१ जुलै १९५९ ला ते सरकार केंद्राने बरखास्त केलं, अर्थात तांदळासाठी नाही.

मजा अशी की या सगळ्या काळात कम्युनिस्टांवर ‘मॉस्कोच्या पैशा’चा आरोप होत होता. आपल्या गिरणगावाला तो आरोप नवा नाही. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाला रशियातल्या कामगार संघटनांकडून मदत आली होती आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मेरठ खटल्यात सरकारी पक्षाने ती उगाळून उगाळून मांडली. पण केरळच्या बाबतीत परदेशी पैशाचा उघड कबुलीजबाब आला तो उलट्या बाजूने. सत्तरच्या दशकात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी नंतर लिहून टाकलं की कम्युनिस्टांना पाडण्यासाठी अमेरिकेने दोनदा काँग्रेसला पैसे पुरवले, एकदा केरळात आणि एकदा पश्चिम बंगालात. इंदिरा गांधींनी इन्कार केला. चेट्टांना हा किस्सा तोंडपाठ होता. ‘आमच्या विरुद्धची बादली डॉलरने भरली होती, सार,’ असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलायचा.

मला त्या भागात सगळ्यात आवडलं ते पक्षाचं कार्यालय नाही, विडीचा कारखाना. दिनेश विडी. १९६० च्या दशकाच्या शेवटी विडी कामगारांसाठीचा केंद्राचा कायदा केरळने अमलात आणायचं ठरवलं, तेव्हा मंगळूरच्या मोठ्या विडी मालकांनी कण्णूरकडचं काम बंद केलं आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. सरकारने भांडवलाला हात दिला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. ऐन भरात असताना चाळीस हजारांहून जास्त लोक तिथे विड्या वळत. या भागात विडी कामगारांची एक जुनी पद्धत होती: रांगेत बसून सगळे विड्या वळताहेत आणि मधे एक जण उंच आवाजात वर्तमानपत्र वाचतो आहे. वाचणाऱ्याच्या हातून विड्या होत नाहीत, म्हणून बाकीचे आपापल्या विड्यांतून त्याचा वाटा भरून देत. पक्षाच्या अर्थकारणाचं मूळ मला तिथे दिसतं. कुणी सक्ती केलेली नाही, पण न देण्याची कुणाला लाजही वाटणार. पैसा नाहीच, चार चार विड्या.

हळूहळू या विड्यांच्या भोवती काय काय उभं राहिलं! सहकारी रुग्णालयं, छापखाने, वाचनालयं, पतपेढ्या. २००० साली ‘कैरळी’ ही दूरचित्रवाणी वाहिनी निघाली, तिचे शेअर कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन विकले. अध्यक्ष मात्र सिनेमातले ममूटी. २००८ मध्ये परश्शिनिकडवुला पक्षाच्या माणसांच्या सहकारी संस्थेने ‘विस्मय’ नावाचा वॉटर पार्क काढला. होय, घसरगुंड्या, कृत्रिम लाटा आणि तिकीट. यावर पक्षातच बरीच धुसफूस झाली. माझं मत विचाराल तर वॉटर पार्कमध्ये वाईट काही नाही, उन्हाळ्यात पोरं खूश होतात. पण ही संस्था पक्षाची की सभासदांची, हे विचारलं की उत्तर देणारा कुठल्या खुर्चीत बसला आहे त्यावर उत्तर ठरायचं. नफा झाला तर चळवळीचं यश. तोटा झाला तर ती कायद्याने स्वतंत्र संस्था, पक्षाचा संबंध नाही.

सांगलीच्या माणसाला हे ओळखीचं वाटणारच. आपल्याकडे कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक आणि विकास सोसायटी यांच्या जोरावर आमदारक्या कशा फिरतात ते शेंबड्या पोराला माहीत आहे. फरक एवढाच की आपल्याकडे संस्था घराण्याची असते. साहेब पक्ष बदलतात तेव्हा कारखानाही त्यांच्याबरोबर पक्ष बदलतो. कण्णूरला चेअरमन कोण होणार हे पक्षाची एरिया कमिटी ठरवते आणि चेअरमन उद्या पक्षातून गेला तर एकटा जातो, हात हलवत. मला तिकडची पद्धत जास्त बरी वाटायची. अजूनही वाटते. फक्त तिच्यात एक भोक आहे ते नंतर दिसलं.

देशातल्या प्राथमिक कृषी पतसंस्थांमध्ये ज्या ठेवी आहेत त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या केरळात आहेत. नोटबंदीनंतर रिझर्व्ह बँकेने जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा बदलून द्यायची बंदी केली, तेव्हा १८ नोव्हेंबर २०१६ ला मुख्यमंत्री पिनराई विजयन सगळं मंत्रिमंडळ घेऊन तिरुवनंतपुरमच्या रिझर्व्ह बँकेसमोर सत्याग्रहाला बसले. आपल्या जिल्हा बँकांनाही तोच फटका होता, पण मंत्रिमंडळ रस्त्यावर बसलं ते केरळात. तिथे पतपेढीला धक्का म्हणजे लोकांना आणि पक्षाला एकाच वेळी धक्का.

तरी २००७ ची एक गोष्ट पक्षाच्या बाजूने सांगितली पाहिजे, अर्धी का होईना. सांतियागो मार्टिन हा लॉटरीचा मोठा व्यापारी. त्याच्याकडून ‘देशाभिमानी’ने बाँडच्या नावाखाली दोन कोटी रुपये घेतल्याचं बाहेर आलं. ज्या सरकारचा लॉटरीवाल्यांशी झगडा चालू, त्याच पक्षाच्या पत्राने त्यातल्याच एकाकडून पैसे घेतले! पक्षात आग लागली, मुख्यमंत्री अच्युतानंदन यांच्या गटाने विषय लावून धरला, पैसे परत करावे लागले आणि पत्राचे जनरल मॅनेजर ई. पी. जयराजन यांना पद सोडावं लागलं. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे १५ फेब्रुवारीला रद्द केले आणि याद्या बाहेर आल्या, तेव्हा सगळ्यात जास्त रोखे घेणारी कंपनी याच मार्टिनची निघाली: १,३६८ कोटी. त्यातला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुकला गेला होता. माकप हा त्या खटल्यातला याचिकाकर्ता. त्यांनी रोखे घेतलेच नव्हते. दोन कोटींसाठी घरात भांडणारा पक्ष आणि पाचपाचशे कोटी शांतपणे जमा करणारे पक्ष एकाच देशात आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. श्रीमंताचं मिंधेपण नको म्हणून बादली, हा युक्तिवाद त्या दिवशी खरा ठरला. जयराजन पुढे मंत्री झाले, ही उरलेली अर्धी गोष्ट.

बादलीला आणखी एक बाजू आहे ती बादली धरणाऱ्याला दिसत नाही. आमच्या शाखेखाली एक चहाचं दुकान होतं. मालक काँग्रेसचा, उघड उघड. बादली आली की तोही वीसची नोट टाकायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘इथेच धंदा करायचा आहे ना.’ धमकी कुणी दिली नव्हती. बादली धरणारी पोरं त्याच्याच दुकानात चहा प्यायची, हसून बोलायची. तरी ते वीस रुपये आणि पालोरा मातेचं वासरू एकाच रकान्यात लिहिता येणार नाहीत. सत्ता आली की देणाऱ्याच्या मनातलं ओळखणं अवघड होतं, आणि सत्तेतल्या पक्षाला ते ओळखायची गरजही उरत नाही.

मग पय्यन्नूर. कण्णूर जिल्ह्यातला हा पक्षाचा बालेकिल्ला. २०१६ मध्ये तिथे पक्षाच्या एका तरुण कार्यकर्त्याचा राजकीय वैरातून खून झाला. अशा वेळी कुटुंबासाठी निधी गोळा होतो, घर बांधून देतात, कर्ज फेडतात. तिकडे ही रीत आहे आणि ती मी जवळून पाहिली आहे; लोक अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. काही वर्षांनी प्रश्न निघाला की त्या निधीतले उरलेले लाखो रुपये कुठे गेले. जोडीला पक्षाच्या इमारतीचा निधी आणि निवडणुकीचा निधी यांचेही हिशोब जुळेनात. हा प्रश्न विरोधकांनी काढलेला नव्हता. पक्षाच्याच एरिया सेक्रेटरीने कागद घेऊन वरपर्यंत तक्रार केली. जून २०२२ मध्ये पक्षाने निवाडा केला. पैसे कुणी खाल्ले नाहीत, हिशोब मांडण्यात ढिलाई झाली, असं पक्षाचं म्हणणं. स्थानिक आमदाराला जिल्हा समितीत एक पायरी खाली उतरवलं. आणि तक्रार करणाऱ्या एरिया सेक्रेटरीलाही पदावरून काढलं.

हे वाचलं तेव्हा माझ्यातला बँकवाला उठून बसला. आमच्याकडे व्हाउचरला दोन सह्या लागतात, रोख तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, आणि ऑडिटला येणारा माणूस बाहेरच्या शाखेचा असतो. कुणाचा कुणावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. अविश्वासाची वेळच येऊ नये म्हणून. पक्षात तिजोरी, किल्ली आणि ऑडिटर एकाच समितीच्या टेबलाभोवती बसतात. वरची समिती तपासते म्हणावं तर वरच्या समितीतले लोक खालूनच वर गेलेले. आणि ज्याने बादलीत पैसे टाकले त्याच्यापाशी तर पावतीचा चिठोराही नाही. तो कुठल्या तोंडाने विचारणार? मालक असल्याची भावना त्याला पाच रुपयांत मिळाली, मालकाचा हक्क मात्र त्यात आला नाही. नाव नसलेला पैसा पक्षाला श्रीमंतांपासून मोकळा ठेवतो, आणि तोच पैसा देणाऱ्यापासूनही मोकळा ठेवतो. मी ज्याला भोक म्हणालो ते हे.

त्रिशूर जिल्ह्यातल्या करुवन्नूरला ते भोक भगदाड झालं. पक्षाच्या माणसांच्या ताब्यातली जुनी सहकारी बँक. जुलै २०२१ मध्ये प्रकरण फुटलं: एकाच जमिनीवर अनेक कर्जं, ज्यांच्या नावावर कर्ज त्यांना पत्ताच नाही, बनावट सभासद. आकडा शंभर कोटींपासून तीनशे कोटींपर्यंत सांगितला गेला. ठेवीदारांना पैसे मिळेनात. जुलै २०२२ मध्ये सत्तर वर्षांची एक ठेवीदार बाई आजारपणात गेली. बँकेत तिच्या कुटुंबाचे जवळजवळ तीस लाख होते आणि उपचाराला मागून पुरेसे हातात पडले नाहीत असं घरच्यांनी सांगितलं. त्यांनी मृतदेह बँकेच्या दारात आणून ठेवला. या बँकेचे ठेवीदार कोण? बरेचसे पक्षाचेच. लेव्ही भरणारे, बादलीत टाकणारे, गल्फमधल्या मुलाने पाठवलेले पैसे ‘आपल्या’ बँकेत ठेवणारे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे सुरुवातीला बोंबही दबकीच होती. उगाच एकाच पक्षाला झोडायला नको म्हणून सांगतो, वायनाडमधल्या पुल्पळ्ळीच्या सहकारी बँकेत काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी असाच घोळ घातल्याचं प्रकरण आहे आणि तिथे एका शेतकऱ्याने जीव दिला.

करुवन्नूरमधून ईडी आत शिरली. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान तोंडावर असताना, प्राप्तिकर खात्याने पक्षाच्या त्रिशूर जिल्हा समितीचं बँक ऑफ इंडियातलं खातं गोठवलं. खात्यात चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. त्याआधी दोन-तीन दिवस त्यातून एक कोटी रोख काढले गेले होते. महिनाअखेरीस जिल्हा सेक्रेटरी ते एक कोटी परत भरायला बँकेत घेऊन गेले तेव्हा प्राप्तिकरवाल्यांनी तेही जप्त केले. हे खातं पक्षाने विवरणपत्रात दाखवलंच नाही, असं प्राप्तिकरवाल्यांचं म्हणणं. पक्षाचं म्हणणं, सगळ्या देशाच्या पक्षाला एकच पॅन आहे आणि बँकेने तो नोंदवताना एक अक्षर चुकवलं. मी काउंटरवर आयुष्य काढलं आहे. एक अक्षर चुकतं, रोज चुकतं. मतदानाच्या तोंडावरच ते नेमकं कसं सापडतं हाही प्रश्न रास्त आहे. पण एक कोटी रोख? चेक, आरटीजीएस, सगळं हाताशी असताना एका जिल्हा समितीला निवडणुकीच्या महिन्यात पिशवीत एक कोटी लागतात, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही. ज्या दिवसांत भाजप आणि काँग्रेस शेकड्यांनी कोटी खर्च करतात तेव्हा हे किरकोळ आहे, असं मित्र म्हणतात. किरकोळ असेलही. पण माझ्या टेबलावर ज्या नोटा आल्या होत्या त्या दहाच्या होत्या.

मे २०२५ मध्ये ईडीने करुवन्नूर प्रकरणात अंतिम आरोपपत्र दाखल केलं आणि त्यात खुद्द पक्षालाच आरोपी केलं, तीन माजी जिल्हा सेक्रेटऱ्यांसह. बँकेत पक्षाची लपवलेली खाती होती आणि कर्जातला वाटा तिकडे गेला, हा आरोप. पक्ष म्हणतो हे सूडाचं राजकारण आहे. ईडीचा या काही वर्षांतला एकूण खाक्या पाहता तसं म्हणायला जागा आहे, आणि न्यायालयाने अजून काही सिद्ध धरलेलं नव्हतं. पण ईडी हरली म्हणून ठेवीदाराचा हिशोब जुळत नाही. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, तिरुवनंतपुरमला पक्षाच्या राज्य समितीच्या नव्या नऊ मजली ए. के. जी. सेंटरचं उद्घाटन झालं होतं. इमारत देखणी आहे. फोटो बघितले आणि पहिला विचार आला की याचा जमाखर्च कुठल्या मजल्यावर लावला असेल. कण्णूरकडच्या गावांतली वाचनालयं वर्षाचा जमाखर्च दाराशेजारी चिकटवतात, रद्दी विकून आलेल्या रुपयांसकट. त्या वाचनालयांत पक्षाचेच लोक बसतात, म्हणजे हे त्यांना येत नाही असं नाही.

चेट्टा आता थकले आहेत, फोनवर ऐकायला कमी येतं. करुवन्नूरचं आरोपपत्र आलं तेव्हा मी त्यांना फोन केला. अजून बादलीत टाकता का, विचारलं. टाकतो म्हणाले. आधी किती टाकायचे, आता किती, हे सांगायला तयार होईनात. मी जरा लावून धरलं तसे चिडले.

‘सार, तुम्ही तुमच्या साखर कारखान्याचे सभासद आहात ना? त्याचा ताळेबंद कधी वाचलात?’

‘वाचला चेट्टा,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच ठेव बँकेत ठेवली.’

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या सुनेने फोन घेतला.